खुडूक कोंबडी आणि डोक्यामागचा उजेड

जगातली सगळी मोडकी फोटोची अवजारं आपल्याच वाटेकडे डोळे लावून बसली आहेत, असा आमच्या दाजींचा ठाम समज होता, आणि त्या समजापायी माझ्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे अक्काचा, अर्धा संसार अडगळीत गेला. भोरच्या बाजारपेठेत दाजींचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणायचं आपलं. आत गिऱ्हाइकाला बसायला जागा शोधावी लागे. कुठं जुना स्टुडिओ बंद पडल्याचं कानावर आलं, की हे गृहस्थ समोरचं गिऱ्हाईक खुर्चीत तसंच सोडून एसटी धरत आणि संध्याकाळी बुरशी आलेलं एखादं भिंग पोटाशी धरून उतरत. बाकीचे फोटोवाले निगेटिव्हवर ब्रश फिरवून चेहरे उजळत. दाजींना त्याची किळस. ‘‘उजेड कॅमेऱ्याच्या आतच पडला पाहिजे,’’ ते म्हणत. ‘‘मागनं ब्रशानं घातला तो उजेड न्हाई पाव्हणं, तो चुना.’’

आता हा आतला उजेड पडे कसा, तेही सांगतो. अक्काची मच्छरदाणी कापून, तिला उदबत्तीनं भोक पाडून ती भिंगावर ताणायची. म्हणे चेहऱ्याभोवती चांदणं येतं. कचेरीतल्या आमच्या शिपायाचा असा एक फोटो काढला, तो त्याच्या बायकोनं ओळखला नाही. एकाच काचेवर दोनदा फोटो घेऊन एका नवरीच्या तळहातावर ज्योत उगवायची होती. ती नवऱ्याच्या नाकावर उगवली. दाजींना त्याचं काही नाही. चूक अवजाराची, अस्सल जुनं मिळालं की बघा, एवढंच बोलणं.

अशा माणसाच्या हाती मी माझं लग्न दिलं. माझंही वय तिशीपुढं गेलेलं, दोन मुलींनी प्रत्यक्ष पाहून नकार दिलेला, तेव्हा फोटोत तरी काही जमतंय का पाहावं, हा माझाच शहाणपणा. हिर्डोशीचं स्थळ होतं. मुलीच्या वडिलांनी निरोप धाडला होता, आधी फोटो पाठवा, भातलावणीच्या आत काय ते ठरवू, शिवऱ्याचंही एक स्थळ आहे. शिवऱ्याच्या मुलाचं हमरस्त्यावर दुकान, आणि मी कारकून. माझी घाई समजण्यासारखी होती. पण दाजींना वेल्ह्यात एक थाळा असल्याचा सुगावा लागला होता. उजेड फेकायला दिव्यामागं बसवायचा, परातीएवढा, चकचकीत, जुन्या फिरत्या फोटोवाल्याचा. त्याशिवाय फोटो निघणार नाही.

मला घेऊनच गेले. फोटोवाल्याच्या म्हाताऱ्या बायकोनं थाळा दाखवला. त्यात पेंढा होता, पेंढ्यावर खुडूक कोंबडी होती, कोंबडीखाली अकरा अंडी.

‘‘कालच बसलीया,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘पिलं निघूंद्यात, मंग न्या. तवर हात लावायचा न्हाई.’’

तीन आठवडे माझं लग्न त्या कोंबडीखाली उबत पडलं. दाजी दर बाजारी वेल्ह्याला जाऊन तिची तब्येत पाहून येत. शेवटी थाळा आला. माझ्या डोक्यामागं तो टांगला, त्याच्यापुढं दिवा लावला, आणि मान्य करतो, दाजींच्या उभ्या आयुष्यात तो एकच फोटो मनासारखा उतरला. डोक्याभोवती वाटोळं तेज. मी साक्षात देव दिसत होतो. तसाच पाकिटात घालून धाडला.

आठवड्यानं एसटीच्या कंडक्टरबरोबर हिर्डोशीची चिठ्ठी आली. मुलगा चांगला होता असं ऐकून होतो, देवाची मर्जी, दुःखात सामील आहोत, मुलीचं आता शिवऱ्याला बघतो.

आमच्या भागात तसलं तेज वारलेल्या माणसाच्याच फोटोला असतं, हे भोरमधल्या पोराटोरांना ठाऊक होतं. दाजींना नव्हतं आणि दिवसभर तो फोटो निरखणाऱ्या मलाही नव्हतं.

चिठ्ठी वाचून दाजींनी हातातलं भिंग खाली ठेवलं. मग छत्री उचलली, मला पुढं घातलं. एसटी निम्म्यात सोडून गेली. तिथून चिखल तुडवत हिर्डोशी. मुलीचे वडील मला पाहून ओट्यावरून उठलेच. दाजींनी डोक्यावरची टोपी हातात घेतली.

‘‘पोरगं जित्तं हाय. चूक माजी हाय, अवजाराची न्हाई. हाय तसा बघा त्येला, बिनदिव्याचा.’’

आत कुणीतरी फिस्सकन हसलं. ती आता माझी बायको. फोटोत बरे दिसत होतात, असं ती आजही म्हणते.

दाजी गेल्या साली गेले. जन्मभर काळ्या कापडाआड उभे, त्यामुळं त्यांचा स्वतःचा फोटो एकच, परवान्यासाठी दुसऱ्याकडं काढलेला, पडेल चेहऱ्याचा. तो मोठा करायला मीच गेलो. फोटोवाला म्हणाला, ‘‘मागं तेज घालू का? ब्रशानं दोन मिनिटांचं काम.’’

त्यांच्या अडगळीला मी आयुष्यभर हसलो. आताही मी ‘घाला’च म्हणणार होतो. तोंडातून आलं, ‘‘नको. आहेत तसेच राहू देत.’’

दाजी अक्काच्या भिंतीवर तसेच आहेत, बिनदिव्याचे. खाली कोनाड्यात तो थाळा आहे. त्यात सध्या कोंबडी बसली आहे, आणि अक्का कुणाला हात लावू देत नाही.