गुर्जींची तारीख

चहा ओतून घ्या, बशीत निवू द्या, पण मी सांगायला लागलो की घोट तेवढा घेऊ नका. मागे हा किस्सा ऐकताना आमच्या साडूंना असा ठसका लागला की पाठ चोळायला दोन माणसं लागली. माझ्या फजितीवर माझ्याच घरात कुणी गुदमरावं, हे बरं दिसत नाही.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो. बिदरकडच्या दुबलगुंडीहून कोसभरावरच्या एका गावात मास्तर होतो. गावाचं नाव विचारू नका, तिथले लोक अजून हसतात. निजामावर पोलीस ॲक्शन होऊन दोनेक वर्षं झाली होती. तोवर आमच्याकडे शाळा उर्दूत. मी घरात मराठी बोललो, बाजारात कानडी बोललो, पण शिकलो ते सगळं बिदरला, अलिफ-बेपासून उर्दूत. आता शाळा मराठीत आल्या आणि माझ्यासारख्यांची पंचाईत झाली. नेमणूक हंगामी होती. कायम व्हायचं तर मुंबई इलाख्यातून आलेल्या इन्स्पेक्टर साहेबांची खात्री पटायला हवी होती की ह्या मास्तरला मराठी येते. नाही पटली तर घरी जाऊन औत धरायचं.

आमचे हेडमास्तर वीरभद्रप्पा. माणूस देवासारखा, पण घाबरट. ते म्हणाले, "शिवलिंगा, साहेब पुढल्या बेस्तरवारी यायलेत. तुझं मराठी त्येन्ला कसं दावावं म्हंतोस?"

माझं डोकं तर तयारच होतं. "अप्पा, माझे उस्ताद हायत बिदरला, मैलूरात. त्येन्ला इतिहासावर बोलाय बोलवू. ते उर्दूत बोलतील, मी एकेक वाक्य मराठी करून सांगतो. साहेबांपुढं माझं उर्दूबी दिसंल आन् मराठीबी दिसंल."

"लई शाना हाईस," अप्पा म्हणाले. मला ते पटलं.

उस्ताद म्हणजे मिर्झासाहेब. आम्हाला फारसी शिकवायचे. उंच, गोरेपान, धारदार नाक, आणि डोळे घारे. फारसी वाचून वाचून डोळ्यांचा रंग उडाला, असं आम्ही पोरं समजायचो. आता ते घरी बसले होते आणि फारसीला कुणी विचारत नव्हतं. मी पत्र टाकलं: इतिहासातला आपल्या आवडीचा कुठलाही विषय घ्या. उलट टपाली कार्ड आलं. उस्तादांनी लिहिलं होतं की चाळीस वर्षं वाट पाहत होतो, कुणीतरी विचारील म्हणून. आणि खाली विषय: 'गुर्जियों की क़दीम तारीख़'.

मी तो मोठ्यानं वाचला मात्र, अप्पा उठून उभेच राहिले. "गुर्जींची तारीख? म्हंजे गुर्जी लोकान्ला कायम करायची तारीख निघाली व्हय?"

कार्ड आणणारा टपालवाला दारातच उभा होता. मी तोंड उघडायच्या आत तो सायकलवर बसला आणि संध्याकाळपर्यंत चार गावच्या शाळांत बातमी गेली की गुर्जींची तारीख निघाली.

मी अप्पांना शांत केलं. म्हटलं, "अप्पा, उर्दूत तारीख म्हंजे इतिहास. प्राचीन इतिहास. तुमान्ला वाटतंय ती तारीख न्हवं." किती ऐटीत सांगितलं म्हणून सांगू. एक शब्द मी पकडला, आणि त्याच गर्वात दुसरा सुटला.

कारण बघा, आमच्याकडे गुरुजींना गुरुजी कोण म्हणतं? गुर्जीच म्हणतात. आणि उर्दूत ऱ्हस्व उकार लिहीतच नाहीत. कार्डावर होतं गाफ, रे, जीम, ये. झालं गुर्जी, म्हणजे आमचे गुरुजी. म्हातारा शिक्षक शेवटी शिक्षकांच्याच परंपरेवर बोलणार, ह्या विचारानं माझे डोळे भरून आले. फळ्यावर मी रंगीत खडूनं विषय लिहिला. 'गुर्जी' हे बोलीतलं झालं, साहेबांना शुद्धलेखन दिसायला हवं, म्हणून लिहिलं: 'गुरुजींचा प्राचीन इतिहास'.

गुरुवार उजाडला. उस्ताद बिदरहून हुमनाबादपर्यंत मोटारीनं आणि पुढे बैलगाडीनं आले. इस्त्रीची काळी शेरवानी, आणि काखेत कापडात गुंडाळलेली लांब सुरळी. ती ते कुणाच्या हातात देईनात. शाळेपुढच्या चिंचेखाली सतरंज्या टाकल्या होत्या. गावकरी बसले, पोरं बसली, आणि चार गावचे मास्तर धुतलेले फेटे बांधून पुढच्या रांगेत बसले. त्यांना मी दहादा सांगितलं की इतिहास आहे, तरी एकेकजण हळूच विचारत होता, "पर शेवटी तारीख सांगतील का?"

साहेब खुर्चीत बसले, वही उघडली, आणि मला म्हणाले, "सुरू करा. आपली मराठी ऐकायची आहे."

उस्ताद उभे राहिले. त्यांनी शेरवानी नीट केली. "गुर्जी एक निहायत क़दीम और बहादुर क़ौम है."

मी छाती काढून म्हणालो, "शिक्षक हा अत्यंत प्राचीन आणि शूर समाज आहे."

पुढच्या रांगेनं कडकडून टाळ्या वाजवल्या. पालीला भिणारे आमचे वीरभद्रप्पा ताठ होऊन बसले. उस्तादांचा चेहरा खुलला. त्यांना बोलीतली मराठी समजायची, पण 'शिक्षक' हा नव्या पुस्तकांतला शब्द त्यांच्या कानावरून कधी गेलाच नव्हता, आणि फळ्यावरची नागरी अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती.

मग ते सांगायला लागले की उत्तरेला बर्फाच्या पहाडांची भिंत, दोन बाजूंना दोन समुद्र, आणि मधे हे लोक. मी सांगितलं की शिक्षक दोन समुद्रांच्या मधे राहत. आपल्या देशाला दोन बाजूंनी समुद्र आहेच, उत्तरेला हिमालय आहे, मला काहीच खटकलं नाही. मग म्हणाले की ह्यांच्या नद्यांतून सोन्याचे कण वाहत येत. हे लोक पाण्यात मेंढीची कातडी अंथरत आणि कण लोकरीत अडकले की कातडं वाळवून झाडत. म्हणून परदेशचे वीर जहाज भरून सोन्याचं कातडं शोधत आले.

मी म्हणालो, "प्राचीन शिक्षक मेंढीच्या कातड्यानं नदीतून सोनं काढत."

इथे मैलारी धनगर उठला. त्याची दोनशे मेंढरं होती, त्यामुळे प्रश्न जिव्हाळ्याचा होता. "गुर्जी, लोकरीला सोनं चिकटतंय व्हय? मंग आमच्या वड्यात कामून न्हाई चिकटत?"

मी प्रसंगावधान राखलं. "मैलारीअण्णा, इथं सोनं म्हंजे ज्ञान."

साहेबांनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला तर वाटलं, कायम झालोच.

"उनकी अपनी दो बादशाहतें थीं," उस्ताद म्हणाले. पश्चिमेला समुद्राकाठी कोलखी, पूर्वेला कार्तली.

"शिक्षकांची स्वतःची दोन राज्ये होती."

साहेबांचं पेन थांबलं. त्या दिवसांत आमच्या भागात वेगळ्या राज्याचं नाव काढलं की माणसं आधी इकडेतिकडे बघत. ते म्हणाले, "राज्ये? मग प्रजा कोण होती?"

उस्तादांना न विचारताच मी सांगून टाकलं, "विद्यार्थी."

पोरं सावरून बसली. पुढे उस्ताद म्हणाले की कार्तलीचा पहिला राजा फर्नवाज, त्यानंच आपल्या लोकांना लिपी दिली असं सांगतात. आता लिपी द्यायची ती शिक्षकानंच, नाही का? माझा उरलासुरला संशयही गेला. मला वाटतं देवानं मला तिथेच सावध करायला हवं होतं, पण देवालाही पुढचं ऐकायचं असावं.

उस्ताद आता रंगात आले. म्हणाले, हजारो वर्षांपासून ह्या लोकांच्या घरोघर जमिनीत मातीचे रांजण गळ्यापर्यंत पुरलेले असतात, आणि त्यांत ते द्राक्षांची शराब करतात. अशी शराब दुनियेत कुठे नाही.

मी घसा खाकरला. "शिक्षकांच्या घरी जमिनीत रांजण पुरलेले असत. त्यांत ते द्राक्षांचा रस ठेवीत."

"रस नक्को बोलो मियाँ," उस्ताद प्रेमानं म्हणाले. "शराब बोलो. फ़ख़्र से बोलो."

बोललो, अभिमानानं. काय करता?

साहेबांनी वही मिटली. पुढच्या रांगेकडे एकेक करून पाहिलं आणि विचारलं, "हे अजून चालतं का?"

वीरभद्रप्पा हात जोडून उठले. "साहेब, आमच्या शाळंत एक रांजण हाय, पर त्यो पान्याचा. वर हाय, पुरल्याला न्हाई. आन् मी लिंगधारी मानूस, दारूला शिवत न्हाई."

उस्तादांना वाटलं लोक विषयात गुंतले. त्यांनी छातीवर हात ठेवला. म्हणाले, मी स्वतः गुर्जी आहे, माझे वडील, आजा, पणजा, सगळे गुर्जी. मी तसंच सांगितलं: सगळे शिक्षक. मग त्यांचा आवाज खाली आला. पंधरा पिढ्यांमागं आमच्या मूळ पुरुषाला पोरवयात पकडलं, बाजारामागून बाजार करत इथवर आणलं आणि बिदरच्या सुलतानाला विकलं. त्याला पुन्हा ते पहाड दिसले नाहीत.

मी सांगितलं, "पंधरा पिढ्यांपूर्वी यांच्या मूळ शिक्षकाला पकडून बिदरला विकलं."

पुढच्या रांगेतला एक मास्तर म्हणाला, "आमची बदली बी अशीच हुतीया."

अख्खी चिंच हसली. फेटे हलले, पोरं लोळली, साहेबसुद्धा रुमाल तोंडाशी धरून हसले. मीही हसलो. आणि हसता हसता माझं लक्ष उस्तादांकडे गेलं. त्यांचा हात अजून छातीवर होता. आपला पूर्वज विकला गेला, त्याला ही माणसं का हसतायत, हे त्यांना कळत नव्हतं.

"शिवलिंग," ते हळूच म्हणाले, "ये शिक्षक कौन है?"

"जी, शिक्षक म्हणजे... मुअल्लिम. उस्ताद."

"मुअल्लिम? मैं मुअल्लिम कब बोला?"

त्यांनी काखेतली सुरळी सोडली. नकाशा होता, स्वतः काढलेला, शाई जागोजाग फिकट झालेली. एका अंगाला काळा समुद्र, दुसऱ्या अंगाला कॅस्पियन, मधे हिरव्या रंगाचा एक लहानसा मुलूख. वर सुरेख अक्षरांत लिहिलेलं गुर्जिस्तान. ज्याला साहेबांच्या भूगोलात जॉर्जिया म्हणतात, तो देश.

साहेबांनी नकाशाकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला त्या पाण्याच्या रांजणात गळ्यापर्यंत उतरावंसं वाटलं.

पण खरा घाव पुढेच होता. उस्ताद खाली बसले आणि मला म्हणाले, "सारी उम्र यहाँ के लोग मेरे को गुर्जी बोलते. गुर्जी आए, गुर्जी गए. मैं समझता था, सब जानते हैं मैं कौन हूँ. बस, पूछता कोई नहीं."

ह्या माणसानं मला अक्षर दिलं, त्याची चाळीस वर्षांची वाट मी एका उकारात घालवली. मला रडू आलं, आणि ते लपवायची माझ्यात हिंमत नव्हती. मी भरल्या सभेत त्यांचे पाय धरले आणि चूक मराठीत सांगितली, मग उर्दूत सांगितली. मैलारीनं नीट कळलं नाही म्हणून कानडीतही सांगायला लावली.

मैलारीच मग म्हणाला, "म्हंजे सोनं खरंच लोकरीला चिकटत हुतं?"

"हौ," उस्ताद म्हणाले. "सचमुच."

"मंग पयल्यापासनं सांगा की. आमी बसलाव."

साहेब खुर्ची ओढून नकाशाजवळ आले. मी ओल्या फडक्यानं फळ्यावरच्या 'गुरुजींचा'मधला 'रु' पुसला आणि 'जीं'च्या डोक्यावर रफार दिला. उस्ताद पुन्हा उभे राहिले आणि पहिल्यापासून सांगू लागले.

ह्या वेळी मी एक अक्षर पदरचं घातलं नाही, आणि खरं सांगतो, तसं भाषांतर मी जन्मात पुन्हा केलं नाही. केवढी माणसं ती. मूठभर मुलूख, चारी बाजूंनी बलाढ्य राजे, जो येई तो तुडवून जाई. तरी त्यांनी आपली भाषा सोडली नाही, आपली लिपी सोडली नाही, रांजण उकरून काढू दिले नाहीत. निनो नावाची एक परकी बाई त्यांच्यात आली, हातात काही नाही. द्राक्षवेलीच्या दोन काटक्या तिनं आपल्याच केसांनी बांधून क्रूस केला. शिकारीत भरदिवसा अंधार पडून वाट चुकलेला त्यांचा मिरियन राजा शेवटी तिच्या देवाला शरण गेला. हे ऐकून मागच्या बायकांतली एक म्हातारी म्हणाली, "काय बाई म्हनावं ती. आपल्या केसानं बांधली." आणि तिनं बसल्या जागेवरून नकाशाला हात जोडले. तीन भाषांत दिवस काढणाऱ्या आमच्या गावाला, आपली भाषा जपणारे लोक कसे असतात हे सांगावं लागलं नाही.

मूळ पुरुष विकला गेला तिथे ह्या वेळी कुणी हसलं नाही. बदलीवाल्या मास्तरनं फेटा काढून मांडीवर ठेवला होता. उस्ताद निघाले तेव्हा गाडीपर्यंत लोक गेले, आणि मैलारी म्हणाला, "गुर्जी, फिरून या." उस्तादांनी विचारलं, "कौनसे गुर्जी?" मैलारी म्हणाला, "दोनी बी."

आणि माझं काय झालं? झालो की कायम. साहेब गेल्यावर अप्पांनी शेऱ्याची वही उघडली, आणि आम्ही दोघांनी डोकी लावून वाचलं. आजही कुणी माझ्या विद्वत्तेची तारीफ केली की मला साहेबांचं ते टपोरं अक्षर दिसतं:

'मराठी चांगली आहे. कायम करण्यास हरकत नाही. गुर्जींचा इतिहास उत्तम, गुरुजींचा कच्चा.'