व्हर्लीनची गिरकी

पश्चिम फिलाडेल्फियातल्या व्हर्लीन टॉलिव्हरला नाच कुणी शिकवला नाही. तिची आई ओडेसा लॉन्ड्रीत दिवसभर इस्त्री करून यायची आणि म्हणायची, "या पोरीच्या पायांना उसंत म्हणून नाही!"

साल १९५७. दोन गल्ल्यांपलीकडच्या स्टुडिओतून रोज दुपारी शाळकरी मुलामुलींच्या नाचाचा कार्यक्रम टीव्हीवर दाखवत. नाचणारी सगळी गोरी. काळ्यांना मनाई, असं मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं. व्हर्लीन गेली तेव्हा दारवान म्हणाला, "पास लागतो." तिनं पत्र लिहून पास मागितला, उत्तर नाही. दुसऱ्यांदा गेली तर, "जागा भरली." तिच्या मागच्या चार गोऱ्या मुली तिच्यादेखत आत गेल्या. तिसऱ्यांदा आईनं शिवलेला निळा झगा घालून गेली.

"असले कपडे चालत नाहीत."

"काय वाईट आहे यात?"

"मला कशाला विचारतेस, पोरी? मी नोकर माणूस."

तिच्या वर्गातली कार्मेला त्या कार्यक्रमात नाचायची. जेवणाच्या सुट्टीत ती व्हर्लीनकडून एक नाच शिकली. पाय घासत आडवं सरकायचं, मग सावकाश अर्धी गिरकी. व्हर्लीननं स्वतः बसवलेला.

पुढच्याच आठवड्यात, आईच्या सुट्टीच्या दिवशी, शेजारच्या मिस अर्नेटांच्या टीव्हीवर मायलेकींना तो नाच दिसला. निवेदकानं हसून विचारलं, "कुणाला सुचलं हे?"

कार्मेलानं खाली पाहिलं. "आम्हालाच."

"अगं, ही तर तुझी गिरकी!" मिस अर्नेटा ओरडल्या. आई टीव्ही बंद करायला उठली.

"राहू दे," व्हर्लीन म्हणाली. "नीट करते का ते बघू दे."

दुसऱ्या दिवशी शाळेत कार्मेला हमसून हमसून रडली. "तुझं नाव घेतलं असतं तर मला कार्यक्रमातून काढून टाकलं असतं गं!" तिची समजूत घालायची पाळीही व्हर्लीनवरच आली.

महिन्याभरात सगळं शहर तो नाच नाचू लागलं. व्हर्लीननं स्टुडिओला पुन्हा पत्र लिहून पास मागितला. या वेळी पाकीट आलं. आत निवेदकाचा सहीचा फोटो होता, बाकी काही नाही. आई कितीतरी वेळ तो हातात धरून बसली. फाडावा तरी पंचाईत, ठेवावा तरी.

पुढे व्हर्लीन टपाल खात्यात लागली, तिला दोन मुलं झाली. कार्यक्रम दुसऱ्या शहरात गेला. त्या दाराच्या आत तिला कधीच जाता आलं नाही, आणि भांडायचं होतं कुणाशी, हेही कळलं नाही.