दक्षिणेचं दार

लीड्समध्ये नोव्हेंबरात दुपारी चारलाच अंधारतं. इरावतीबाईंच्या बोटांना ते आधीच कळतं. सांधे सुजतात, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. त्यांच्या नवऱ्यानं, डॉक्टर शशिधर केतकरांनी, सायप्रसमध्ये फ्लॅट घेतला तो या बोटांसाठी. हिवाळ्याचे चार महिने तिथल्या उन्हात काढायचे, एवढाच बेत होता.

तीस वर्षं शशिधरनी इथल्या हॉस्पिटलात माणसांना भूल दिली. देवधर्म कधी केला नाही. पण इमारतीचा नकाशा समोर आला, फ्लॅटचं दार दक्षिणेला दिसलं, आणि त्यांचं बोट तिथंच थांबलं. दक्षिण यमाची, असं आई सांगायची.

"तुम्ही कधीपासून वास्तू मानायला लागलात?" इरावतीबाई हसल्या.

"मानत नाही. पण तुझ्या बाबतीत रिस्क नको."

बिल्डरनं जास्तीचे पैसे घेतले आणि दार पूर्वेला बसवलं. मंजूर नकाशात ते दक्षिणेलाच राहिलं. तपासणीला आलेल्या माणसानं राहण्याचा दाखला नाकारला. दाखल्याशिवाय वीज नाही, पाणी नाही. दार नकाशातल्या जागी नेऊ, बिल्डरनं कळवलं, महिन्याभराचं काम आहे, फक्त सही पाठवा.

शशिधरनी सही केली नाही. नकाशाच बदलून द्या म्हणून अर्ज केला. मग वकील, मग अपील. दोन हिवाळे गेले. तिकडे रिकाम्या खोल्यांत ऊन येत राहिलं, भिंतीवरून सरकत राहिलं, निघून जात राहिलं.

"अहो, दक्षिण तर दक्षिण. मी काय दारात बसणार आहे? मला बाल्कनी पुरे."

"थोडं थांब. होईल."

तिसऱ्या वर्षी सांध्यांचं दुखणं फुप्फुसांत उतरलं. डॉक्टर मनीषा एके काळी शशिधरांच्या हाताखाली शिकलेली. ती जपून म्हणाली, "सर, आता विमानप्रवास नको." असली वाक्यं शशिधरनी स्वतः कितीदा उच्चारली होती. त्यातल्या 'आता'ला शेवट नसतो, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी सही करून पाठवली. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

महिन्याभरात ईमेल आली. दार दक्षिणेला गेलं, वीज आली, किल्ल्या तयार आहेत. पलंगाशी बसून त्यांनी ती वाचून दाखवली. ऑक्सिजनचं मशीन एका सुरात घरघरत होतं.

"किल्ल्या नीलला द्या," इरावतीबाई म्हणाल्या. "जाऊ दे त्याला मुलांना घेऊन."

"आपल्या मुलाला मी त्या दारातून आत पाठवणार नाही."

इरावतीबाईंनी बराच वेळ श्वास जमवला.

"अहो, माझं हे जे काही झालं ना," त्या म्हणाल्या, "ते दार पूर्वेला असताना झालं."

शशिधर ईमेल पहिल्यापासून पुन्हा वाचू लागले, या खेपेला मनातल्या मनात.