पॅसेंजर बंद, डबा चालू

६ ऑगस्ट. सकाळी दोडक्याच्या शिरा काढत होते. चातुर्मास असल्यामुळे अण्णांना पालेभाजी चालत नव्हती, आणि कांदा-बटाटा त्यांना बारा महिने वर्ज्य. म्हणजे दोडका, पडवळ, दुधी आणि मुगाची आमटी, एवढ्यातच रोजचा डबा बसवायचा. अण्णा म्हणजे माझे वडील. गोठ्यात पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. मिरजेच्या एका दवाखान्यात ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले होते.

मी कोल्हापुरात एका शाळेच्या कार्यालयात काम करते. असली-नसली रजा ऑपरेशनच्या वेळी संपवली होती. माझा भाऊ मिरजेजवळ आमच्या गावी असतो. तो रात्री दवाखान्यात झोपायचा, सकाळचं जेवण गावाकडून आणून द्यायचा आणि तिथूनच कामावर जायचा. भावजय तीन आठवड्यांची बाळंतीण, त्यामुळे संध्याकाळचा डबा मी अंगावर घेतला होता.

हे संध्याकाळचं जेवण साधं नव्हतं. अण्णा जन्मभर दिवस मावळायच्या आत जेवत आले आहेत. दिवस बुडाला की पाण्याचा थेंबही तोंडात घेत नाहीत. मी जैन घरातलीच आहे, पण माझं असलं काही कडक नाही, रात्री नऊलाही जेवते. त्यांचं तसं नव्हतं. त्यात त्यांना साखरेचा आजार. जेवणाआधी इंजेक्शन घ्यायचं आणि त्यानंतर अर्ध्या तासात पोटात अन्न गेलंच पाहिजे. म्हणजे डबा आधी, मग इंजेक्शन, मग जेवण, आणि सगळं उजेडात.

नऊ दिवस हे सुरळीत चाललं होतं ते पॅसेंजरमुळे. मिरजेकडच्या पानमळ्यांतून एक मावशी रोज सकाळी विड्याच्या पानांची टोपली घेऊन कोल्हापूरला यायची आणि दुपारच्या पॅसेंजरनं परत जायची. पहिल्या दिवशी मीच स्टेशनवर डबा घेऊन ओळखीचं कुणी दिसतं का पाहत उभी होते, तेव्हा तिनंच विचारलं, "कुणाला द्यायचा हाय डबा?" तेव्हापासून मी मधल्या सुट्टीत स्टेशनवर जाऊन डबा तिच्या रिकाम्या बुट्टीत ठेवायची. पाचच्या आत ती तो अण्णांच्या हातात द्यायची. रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर करत गाडी सावकाश जायची, पण वेळेत पोचायची.

त्या सकाळी मावशीचा फोन आला. दोडका बाजूला ठेवून मी तो उचलला.

"आक्का, गाडीच न्हाय. मी टेंपोतनं आलो आज."

"उशीर झाला का गाडीला?"

"उशीर न्हवं, बंदच केल्यात. समद्या एकदम. खालच्या सांगाड्याला तडा गावलाय म्हणं."

पेपरात बातमी होतीच, मी उघडला नव्हता. तपासणीत काही डब्यांच्या खालच्या भागात तडे दिसले होते, म्हणून त्या बनावटीच्या सगळ्या गाड्या दुरुस्तीसाठी काढून घेतल्या होत्या. आमच्या मार्गावरच्या पॅसेंजर सगळ्या त्याच बनावटीच्या. पुढील सूचना मिळेपर्यंत बंद. एक्स्प्रेस गाड्या चालू होत्या, पण त्यांच्या वेळा आमच्या कामाच्या नव्हत्या. शाळेत दिवसभर सगळे रेल्वेच्या नावानं खडे फोडत होते. मी फोडले नाहीत. तडा गेलेल्या गाडीत मावशीला, तिच्या बुट्टीला आणि आमच्या डब्याला बसवून नेण्यापेक्षा गाडी जागेवर उभी केलेली बरी. तडा वेळेत ज्याला दिसला आणि ज्यानं तो झाकला नाही, त्याचं भलं होवो. एवढं म्हणून मी पुढच्या कामाला लागले, कारण डबा जायचा होताच.

मावशी म्हणाली, "वडापनं नेतो की मी. काय काळजी करू नगासा."

वडाप म्हणजे आमच्याकडची भरेल तेव्हा सुटणारी जीप. त्या दिवशी ती भरायला वेळ लागत नव्हता, मिळायलाच लागत होता. रेल्वेची सगळी माणसं रस्त्यावर आली होती. मावशीला जीप मिळाली साडेचारला, आणि हातकणंगल्याच्या पुढे रस्ता तुंबला. मी घरी येऊन घड्याळाकडे बघत बसले. पावसाळी हवा, सूर्य दुपारपासून दिसलाच नव्हता.

सहा पस्तीसला फोन आला. "आक्का, मिरजेत उतरलो. माझी गावची शेवटची एसटी लागलीया. डबा रिक्षात घातलाय, पोरगं चांगलं हाय, माझ्या वळखीचं. अण्णांस्नी द्या म्हणून सांगितलंय, हाडांच्या वॉर्डात."

सातला दिवस मावळतो. मी लगेच वॉर्डातल्या सिस्टरना फोन लावला. "डबा रिक्षात आहे, पाच-दहा मिनिटांत पोचेल. इंजेक्शन देऊन ठेवा, नाहीतर उजेडात जेवण व्हायचं नाही." सिस्टर म्हणाल्या, डबा हातात आल्यावर देते. मीच आग्रह केला. ऑफिसात मी सगळ्यांना सांगते, कागद हातात आल्याशिवाय शिक्का मारू नका. इथं मीच शिक्का मारायला लावला. त्यांनी इंजेक्शन दिलं.

दुसरी चूकही माझीच होती, फक्त तिला नऊ दिवस झाले होते. मी मावशीला पहिल्या दिवशी "अण्णांना द्या" एवढंच सांगितलं होतं. मावशी अण्णांना बघून ओळखायची, म्हणून ते चाललं. पण आमच्या भागात साठीच्या पुढचा दर दुसरा पुरुष कुणाचा ना कुणाचा अण्णा असतो. रिक्षावाल्यानं वॉर्डाच्या दारात उभं राहून विचारलं, "अण्णांचा डबा आलाय, अण्णा कोण?" आणि खिडकीजवळच्या पलंगावरच्या म्हाताऱ्यानं हात वर केला. त्यांनाही घरचे अण्णाच म्हणत. त्यांची सून हातकणंगल्याहून याच पॅसेंजरनं डबा पाठवायची. गाड्या बंद, तरी सुनेनं काहीतरी जमवलं, असं त्यांना वाटलं. दुपारपासून ते दोन केळ्यांवर होते.

यातलं निम्मं मला सव्वासातला सिस्टरच्या फोनवरून कळलं, निम्मं नंतर. त्या औषधं वाटत आल्या, तर आमचे अण्णा भिंतीकडे तोंड करून पडलेले आणि कपाळावर घाम.

"अण्णा, जेवलात ना?"

"न्हाई."

"डबा आला की मघाशी. कुठं गेला?"

अण्णांनी नुसतं खिडकीकडे बोट केलं. त्यांनी डबा आल्याबरोबर ओळखला होता. पण समोरच्यानं घास मोडला होता, आणि जेवत्या माणसाला हटकायचं नाही, हे आमच्या घरात भाकरी खायला शिकायच्या आधी शिकवतात. इंजेक्शन अंगात गेलेलं, तरी ते गप्प पडून राहिले.

सिस्टरनी माझ्याशी बोलता बोलता फोन तसाच उशीवर टाकला असावा, कारण पुढचं सगळं मला ऐकू येत होतं. मी स्वयंपाकघराच्या मागच्या गॅलरीत उभी होते.

आधी सिस्टर त्या दुसऱ्या अण्णांवर ओरडल्या. ते बिचारे हबकलेच.

"मला वाटलं सुनंचा हाय. भाजीत कांदा नव्हता, तवा म्हटलं, गडबडीत इसरली असंल."

"आणि म्हणून तुम्ही वर कांदा फोडून घेतला?"

"शेजारच्यांनी दिला. बुक्कीनं फोडला." मग आवाज खाली आला. "डब्याचा खालचा पुडा उघडला न्हाय मी अजून. आमटी-भात तसाच हाय, आन दोन भाकऱ्या. हात न्हाय लागला. घ्या की पावणं. चुकलं माझं."

अण्णा म्हणाले, "तुमचं काय चुकलं न्हाई. जेवा तुमी. आता दिवस मावळला. मला काय नको."

सिस्टर म्हणाल्या, निदान साखरपाणी तरी घ्या. नको. मग सलाईन लावावी लागेल, डॉक्टरांना बोलावते. बोलवा. अण्णांचा आवाज जड होत चालला होता. मी इकडून "अण्णा, अण्णा" म्हणत होते, ते कुणाला ऐकू जात नव्हतं. चाळीस-पन्नास किलोमीटरवर उभं राहून माणसाला करण्यासारखं काही नसतं, ते मला त्या मिनिटात नीट समजलं.

मग खिडकीतले अण्णा बोलले.

"कोण म्हणतंय मावळला?"

"अंधारलंय की," अण्णा म्हणाले.

"ते ढगानं. तुमच्या पलंगाम्होरं भिंत हाय, तुमास्नी काय दिसायचं. मी खिडकीत हाय. ढगाच्या खालनं दिसतोय मला, तांबडा, एवढा." त्यांनी हातानं केवढा दाखवला कोण जाणे. "बुडायला हाय अजून. जेवा मुकाट्यानं. बुडायला लागला की मी सांगतो."

मी गॅलरीतून पश्चिमेला पाहिलं. आमच्या गल्लीतले दिवे लागलेले होते. समोरच्या कौलांवर पाऊस पडत होता आणि आकाश काळ्या तव्यासारखं होतं. जे मिरजेला बुडतं ते कोल्हापूरला काही वेगळं दिसत नाही. मी तोंड मिटून घेतलं. मघापासून ओरडत होते ते बंद केलं, चुकून ऐकू गेलं तर काय घ्या.

मग पुड्याचं झाकण वाजलं.

"नक्की दिसतोय न्हवं?" अण्णांनी विचारलं.

"तर. खोटं बोलून मला काय मिळायचंय? भाकरी चुरा, आमटी चांगली झालीया, वासावरनं कळतंय."

अण्णा जेवले. मी भांड्याचा आवाज ऐकत उभी राहिले. मधे एकदा खिडकीकडून आवाज आला, "हाय हाय, अजून हाय, दमानं खावा." नंतर पाण्याचा पेला खाली ठेवल्याचं ऐकू आलं, आणि मग ते म्हणाले, "हं. आता बुडला बघा."

सिस्टरनी फोन उचलला तेव्हा त्यांच्या आवाजात हसू होतं की आणखी काही, मला सांगता येणार नाही. मी आधी त्यांची माफी मागितली, कारण आग्रह माझा होता. त्या म्हणाल्या, साखर पुन्हा तपासते, काळजी करू नका, आणि पुढच्या वेळी पलंगाचा नंबर लिहा. अर्ध्या तासानं त्यांनीच फोन करून सगळं ठीक असल्याचं कळवलं. त्यांना ते करायची गरज नव्हती.

मी धार्मिक हिशेबात पडत नाही. अण्णांचा नेम त्या दिवशी मोडला की राहिला, ते ज्यांना कळतं त्यांनी ठरवावं. मला एवढं माहीत आहे की अण्णांनी साठ वर्षं शेती केली आहे. पाखरं परतल्याच्या आवाजावरून ते वेळ सांगतात. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसालाही अंधार कसला, ढगाचा की रात्रीचा, ते कळतं.

साडेआठच्या सुमाराला भाऊ दवाखान्यात पोचला आणि त्यानं फोन केला. मी विचारलं, अण्णा काय म्हणतात?

"झोपायला लागलेत. मला एवढंच म्हणाले, त्या खिडकीतल्या पावण्याची नजर लई चांगली हाय."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग मुख्याध्यापकांना फोन करून सांगितलं की उद्या मी येणार नाही, बिनपगारी रजा टाका.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला उठले. दोन डबे केले. अण्णांचा पडवळाचा. दुसऱ्यात वांग्याची भाजी केली, कांदा परतून, लसूण ठेचून, वर लाल चटणी. दोन्ही डब्यांना पांढरी चिकटपट्टी लावली आणि जाड पेननं पलंगांचे नंबर लिहिले. मग मावशीला फोन करून सांगितलं की आज तू वडापच्या मागं पळू नकोस, डबे मीच घेऊन निघालेय, आणि मिरजेची पहिली एसटी पकडली.