फरशीवरचे गोल

कुरडयाच्या डब्यात तळाला चुरा साठतो बघा. मुद्दाम कुणी करत न्हाई. कुणी घाईत हात घालतं, कुणी डबा आपटतं, एखादी कुरडई मोडती. आन् एक दिवस कुरडया संपत्यात आणि चुराच ओंजळभर निघतो! आमच्या घरात नातीच्या कंप्युटरचे किस्से असेच साठले. कंप्युटर काही घरात आला न्हाई, चुरा मात्र डबाभर!

मी शाळेची पायरी चढले न्हाई. त्यामुळं ह्यातलं मला काय कळलं आन् काय न्हाई, हेच मला नीट कळलेलं न्हाई. जे पाह्यलं ते सांगते.

आधी माणसं सांगते, म्हंजे तुमचा माझ्यासारखा गोंधळ नको. जुना जालन्यात आमचं घर. पुढं दत्तूचं कटपिसचं दुकान, मागं आम्ही, मधी शहाबादी फरशीचं अंगण. दत्तू माझा लेक, कांता सून, नंदा नात. नंदा कॉलेजात कंप्युटर शिकून राह्यली होती. एसटीडी बूथसमोर माणसं रांग लावून उभी राहायची, त्या वेळची गोष्ट. तिचे सगळे विषय निघाले, एकच मागं लागला. त्याचं नाव इंग्रजी आन् लांबलचक, नंदा नुसतं टीओसी म्हणायची. त्यात दोनदा नापास.

दुसऱ्या निकालाच्या दिवशी दत्तू जेवता जेवता म्हणला, "नंदे, आता एकच बार. निघाला तर पुढं शीक, मी बिलकुल अडवत न्हाई. न्हाई निघाला तर पहिलं बरं स्थळ येईल त्याला हो म्हणायचं. बराबर?"

"बराबर," नंदा म्हणली. आन् अर्धी भाकर ताटात ठेवून उठली.

* * *

नंदाचा कॉलेजात नंबर लागला तेव्हा आम्हाला वाटलं, आता घरी कंप्युटर येणार. डॉक्टरकी शिकणाऱ्या पोराच्या गळ्यात नळी येतीच ना? तसं! कांतानं कोपऱ्यातलं टेबल रिकामं केलं. दत्तूनं दुकानातून मखमलीचा तुकडा दिला. मी झालर लावून झकास कव्हर शिवलं.

दिवाळी गेली, संक्रांत आली, कंप्युटर काही येईना. मी विचारलं तर नंदा म्हणली, "आजी, कंप्युटर कॉलेजात हाय. पण आता जो विषय चालू हाय त्याला कंप्युटर लागतच न्हाई."

"मंग काय लागतं?"

"खडू."

आता कव्हर वाया कशाला घालवायचं? कांतानं ते मिक्सरवर घातलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारची शकुंतला आली. तिनं लांबूनच झालर पाह्यली आन् आवाज उतरवून विचारलं, "काकू, हाच का तो?"

मला वाटलं मिक्सरचंच विचारती. "हौ, हाच."

"आवाज करतो का?"

"लई करतो."

"तापतो का?"

"जास्त वेळ चालवला तर तापतो. मंग थोडा वेळ बंद ठेवायचा."

"आन् काम काय करतो?"

"आपण टाकू ते बारीक करतो."

शकुंतलानं पदर डोक्यावर घेतला आन् त्याला हात जोडले!

* * *

ते खडूचं काय, ते मला पुढं कळलं. म्हंजे दिसलं, कळलं असं न्हाई म्हणता येणार.

नंदाची मैत्रीण रुखसाना. तिचा हा विषय पहिल्या झटक्यात निघाल्ता, म्हणून ती नंदाला शिकवायला यायची. दोघी अंगणात बसायच्या आन् फरशीवर खडूनं गोल काढायच्या. गोलातून बाण निघायचा, दुसऱ्या गोलात जायचा. एखादा गोल दुहेरी. बाणावर अक्षरं. पाहता पाहता न्हाणीपासून तुळशीपर्यंत अंगण भरायचं.

एक दिवस सकाळी सडा टाकायला गेले, तर दुहेरी गोलात हळद, कुंकू आन् कापलेलं लिंबू! मी जागीच बसले. मागं शकुंतला भिंतीवरून बघून राह्यली होती.

"काकू, घाबरू नका," ती म्हणली. "तुमच्या अंगणात कुणीतरी काहीतरी मांडून राह्यलं. मी उतारा ठेवलाय."

नंदाला उठवलं. ती लिंबू बघून हसतीय, हसतीय! मंग बिचारीनं मला सगळं समजावून सांगितलं. "आजी, ही एक मशीन हाय. ह्या गोलातून सुरू करायचं. अक्षर आलं की बाणानं पुढच्या गोलात. अक्षरं संपताना दुहेरी गोलात असली तर पास."

"आन् हा कोपऱ्यातला एकटा?" त्या गोलाला कपाच्या कानासारखा एकच बाण होता. त्याच्यातूनच निघायचा, त्याच्यातच शिरायचा.

"तो फसायचा गोल. एकदा त्यात गेली की संपलं. पुढं कुठलंबी अक्षर येऊ दे, तिथंच फिरत राहायचं."

"अगं मंग काढायचाच कशाला?"

"काढावाच लागतो, आजी. न्हाई काढला तर मार्क कापतेत."

लिंबाचं मी सरबत केलं. नंदा ते पिऊन कॉलेजात गेली, तर नेमकी त्या दिवशीच्या चाचणीत पास झाली! शकुंतलाचा चेहरा काय फुलला म्हणता! तेव्हापासून दर चाचणीला भिंतीवरून लिंबू यायचं.

* * *

दत्तूला ह्या अभ्यासाचा राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीनं. एकदा दुपारी तो दुकानातून मागं आला, तर त्याची नवी कोरी लेस अंगणात लांबच लांब पसरलेली! तिच्यावर शिंप्याच्या खडूनं चौकोन आखलेले. रुखसाना एकेका चौकोनावर बोट ठेवून वाचायची, नंदा खोडायची, लिहायची, "डावीकडं", "आता उजवीकडं" असं ओरडायची. दोघींच्या गुडघ्यांना धूळ.

"हे काय करून राह्यल्या?"

"काका, ह्या मशीनला पट्टी लागती," रुखसाना म्हणली. "आन् पट्टी कधी संपत न्हाई."

"कधीच न्हाई?"

"कधीच न्हाई."

दत्तूचा राग एकदम खाली बसला. धंद्याचा माणूस तो! "मंग फाडायची कुठं?" त्यानं विचारलं. पोरी परत लेसवर वाकल्या. तो उकिडवा बसून बघत राह्यला. चहा झाला, उन्हं कलली, तरी ह्यांचं डावीकडं उजवीकडं चालूच. शेवटी दोघी टाळी देऊन उठल्या.

"झालं! बराबर आलं!"

"काय आलं?" दत्तूनं विचारलं.

"दोनात तीन मिळवले, काका. पाच आले!"

दत्तूनं लेस गुंडाळली आन् दुकानात गेला.

* * *

त्याला ह्या शिक्षणाचा उपयोगबी दाखवून दिल्ता पोरींनी, न्हाई असं न्हाई. माझ्या पुतण्याचं लग्न निघालं. पत्रिका वाटायचं काम दत्तूकडं. नंदानं कागदावर गावं मांडली, मधल्या रस्त्यांवर अंतरं टाकली आन् म्हणली, "बाबा, असे जा. एक रस्ता दुसऱ्यांदा लागणार न्हाई. पेट्रोल वाचंल."

दत्तू खूश. मोटारसायकल काढली आन् निघाला.

आता माझे दोन भाऊ. धाकटा परतूरला, थोरला त्याच्या पुढं आष्टीला. आमच्यात रीत अशी, की धाकट्याच्या दारावरून तोंड फिरवून पुढं जायचं, आधी थोरल्याच्या हातात पत्रिका द्यायची, मंग माघारी फिरून धाकट्याकडं. धाकटाबी समजून घेतो. मोटारसायकल दिसली की आत जाऊन बसतो.

दत्तू कागदाप्रमाणं गेला. आष्टीत थोरल्या मामानं विचारलं, "चहा टाकू का रे?"

"नको मामा, आताच परतूरला घेतला."

मामानं पत्रिका खाली ठेवली. "म्हंजे मी दुसरा!"

मंग त्यांची समजूत काढायला आधी दत्तू गेला, मंग मी गेले, मंग कांता नारळ घेऊन गेली, शेवटी नवरदेवाला पाया पडायला पाठवला. आष्टीच्या रस्त्यावरचे खड्डे आम्हाला तोंडपाठ झाले! पेट्रोलचं तर बोलूच नका.

नंदा कागद समोर धरून बसली. "आजी, बेरीज बराबर हाय गं. मामाआजोबाचा रुसवा तेवढा मी धरला न्हवता."

"हौ आजी," रुखसाना म्हणली. "पुस्तकात नुसती गावं होती. मामा कुठंच न्हवते!"

* * *

परीक्षा जवळ आली. नंदा वाळवण राखता राखता मोठ्यानं पाठ करायची. एक दिवस दत्तूनं ऐकलं.

"काय गं म्हणून राह्यली? कोण थांबत न्हाई?"

"प्रोग्राम, बाबा. काही थांबतेत, काही चालतच राहतेत. आन् कुठलाबी प्रोग्राम दिला तरी तो थांबेल का न्हाई हे आधी सांगू शकेल, अशी मशीन बनतच न्हाई. सिद्ध झालंय."

"काय सिद्ध झालंय? येत न्हाई, हे?"

"हौ."

"आन् हे लिहिलं की मार्क?"

"दहा."

दत्तू माझ्याकडं वळला. "माय, मी गिऱ्हाइकाला न्हाई म्हणलो तर ते पायरी उतरून जातं. हिच्या कॉलेजात न्हाई म्हणायला दहा मार्क!"

त्याच हप्त्यात त्यानं बूथवरून भोकरदनला फोन लावला. स्थळ चांगलं होतं, घरची शेती, खताचं दुकान. रविवारी बघायला येतो म्हणले. पसंत पडली तर तिथंच कुंकू लावू, आन् सोमवारी सकाळी मुलीला घेऊन सगळ्यांनी घर बघायला यावं.

सोमवारीच नंदाचा पेपर.

"बाबा, तुम्हीच म्हणले, एक बार," नंदा म्हणली.

"पेपर परत येतो, नंदे. स्थळ परत येत न्हाई," दत्तू म्हणला, पण तिच्याकडं न बघता म्हणला. कांतानं पातेलं जरा जोरातच आपटलं. शकुंतलानं त्या दिवशी भिंतीवरून एकदम अर्धा डझन लिंबं दिली.

* * *

रविवारी सकाळपासून दोघी पोरी अंगणात. फरशीभर गोल. दत्तू धावत आला, "माय, हे जल्दी पुसून काढ. पाहुणे फाट्यावर आले."

मी बादली आणली. नंदा खडू मुठीत धरून नुसती बघत राह्यली. मंग मी बादली ठेवली, आतून मोठी सतरंजी आणली आन् गोलांवर अंथरली. झाकलं म्हंजे पुसल्यासारखंच की!

पोराचा बाप आला, चुलता आला, आई आली. पोरगं न्हवतं, आधी मोठ्यांनी बघायचं, अशी त्यांची पद्धत. दोघं मधी ऐसपैस बसले. आई कडेला, पदर कपाळापर्यंत. कांतानं तिला विचारलं, "उन्हाचा त्रास झाला का हो?" तर नवरा म्हणला, "तिला उन्हाचं काही न्हाई." कांता म्हणली, "साखर किती घालू?" तर नवरा म्हणला, "एकच चमचा घेती."

नंदा चहा घेऊन आली, बसली.

"कंप्युटर चालवता येतो?" पोराच्या बापानं विचारलं.

"येतो."

"मंग आता काय राह्यलं शिकायचं?"

"त्याला काय येत न्हाई, ते शिकते."

चुलता मांडीवर थाप मारून हसला. "भाकरी येत न्हाई त्याला! हे तर आम्ही फी न भरता सांगतो!" सगळे हसले. दत्तूबी हसला. कुंकवाचं ताट त्यानं आधीच हाताशी आणून ठेवल्तं.

तेवढ्यात माझं लक्ष गेलं. त्या बाईच्या पायापाशी सतरंजीच्या बाहेर खडूची एक रेघ आल्ती, कपाच्या कानासारखी. ती तिकडंच बघत होती. तिनं सतरंजीचा कोपरा उचलला.

"हे कुणी काढलं?"

आल्यापासून पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला. नंदा म्हणली, "मी."

"काय हाय?"

नंदा दत्तूकडं बघत सरकली आन् तिच्या जवळ गुडघ्यावर बसली. सांगायला लागली. हा गोल, हा बाण, इथून इथं. बाई सतरंजी ओढत चालली. चुलत्याला कप घेऊन उठावं लागलं, मंग नवऱ्याला! शेवटी अख्खी सतरंजी तुळशीपाशी गोळा झाली आन् पाहुणे चहा घेऊन उभे.

बाई परत कोपऱ्यातल्या गोलाकडं आली. "आन् ह्यो?"

"ह्यात गेलं की बाहेर निघता येत न्हाई, मावशी. पुढं काहीबी येऊ दे, इथंच."

"ह्यो कान?"

"तो त्याचाच बाण. त्याच्याकडंच येतो."

"बाहेर जाणारा एकबी न्हाई?"

"न्हाई."

बाईनं त्या कानावरून बोट फिरवलं. "एखादा तर काढ की गं."

"मंग मशीन चुकती, मावशी. मार्क जातेत."

बाईनं हात पुढं केला. नंदानं तिला खडू दिला. तिनं त्या गोलाच्या कडेला खडू टेकवला आन् रेघ ओढली. दुहेरी गोलाला वळसा घातला, नवऱ्याच्या चपलांच्या मधून नेली, पार बाहेरच्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत. तिथं बाणाचं टोक काढलं. रांगोळीवाल्या बाईचा हात, कुठं हलला न्हाई. मंग तळहात झटकले.

"पेपर कधी हाय?"

"उद्या."

ती उठली. "चला," नवऱ्याला म्हणली.

"अगं, कुंकवाचं..."

"पोरगी शिकून राह्यली. चला."

चुलता म्हणला, "वैनी, आपलं बोलणं तरी..." पण ती उंबऱ्याबाहेर पोचली होती. दोघांनी कप कांताच्या हातात दिले आन् चपला शोधत मागं गेले.

दत्तू कुंकवाचं ताट धरून तसाच उभा. "माय, म्हंजे... पसंत पडली का न्हाई पडली?"

मला काय विचारतो! पोरी तर परत फरशीवर बसल्याबी होत्या.

"नंदे, तो बाण आधी पूस," रुखसाना म्हणली. "उद्या पेपरात तसाच काढशील."

नंदानं फडकं ओलं केलं, आन् तो बाण तेवढा सोडून भोवतीचं सगळं पुसलं.