आम्हाला भाकरीच पुरे

राग मनात ठेवून प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमध्ये प्रभूच्या आठवणीची भाकर आणि प्याला घ्यायला, जाऊ नये, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं आहे. त्या रविवारी मी गेले, आणि पोटात एवढा राग होता की गीतं चालू असताना माझं तोंडच उघडलं नाही. ही साक्ष लिहितानाही तो पुरता निवलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमचं चर्च नाशिकमधलं जुनं. इथे प्रभुभोजनाच्या प्याल्यात कधी वाइन नसायची. आदल्या दिवशी आम्हा बायकांपैकी कोणीतरी काळ्या मनुका भिजत घालायची, उकळून, कुस्करून पातळ फडक्यातून गाळायची. आधी सासूबाई करायच्या, मग मी करू लागले. त्यात कोणाला कधी काही कमी वाटलं नव्हतं. मग चर्चच्या पंच कमिटीवर एक नवे सभासद आले. दिंडोरीकडे त्यांची द्राक्षबाग, माल सगळा वायनरीला जातो. त्यांनी ठरवून टाकलं की यापुढे चर्चला चांगली वाइन त्यांच्याकडून मिळेल. मी बोलायला गेले तर म्हणाले, "वहिनी, दारू वेगळी, वाइन वेगळी. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला, ते काय सरबत होतं? आणि आपण नाशिकचे लोक. आपणच वाइनला नावं ठेवायची?" सगळे हसले. उपासना चालवणारे पाळकसाहेबही हसले, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माझ्या रागाचं कारण माझ्या घरात होतं. माझे पती सातपूरला एका कारखान्यात फिटर आहेत. ते प्यायचे. कसे प्यायचे ते इथे लिहीत नाही. ज्यांच्या घरात झालंय त्यांना सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून कळायचं नाही. मोठ्या कष्टाने सुटली. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, यापुढे थेंबही नको. शास्त्राचं म्हणाल तर मीही वाचते. झिंगणं पाप आहे, द्राक्षारस सरसकट पाप नाही, हे मला पंचांनी शिकवायची गरज नव्हती. पण आपल्या भावाला ज्याने ठेच लागेल ते आपण सोडून द्यावं, हेही त्याच शास्त्रात आहे, आणि ते पान उघडायला यांच्यापैकी कोणाला सवड नव्हती. शेवटी पाळकसाहेबांना एकटीने गाठून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एक घोट तर असतो, बाई. विश्वास असेल तर काही होत नाही." म्हणजे झालंच काही, तर विश्वास आमचाच कमी पडला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसरं काय.

मग हे प्रभुभोजनाला पुढे जाईनात. सगळे वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकायला जायचे आणि हे बाकावर मान खाली घालून बसायचे. झालं, कुजबुज सुरू. एका बाईने मला दारातच अडवून विचारलं, "पुन्हा लागली का गं यांना?" पीत होते तेव्हा दर वेळी पुढे जायचे, तेव्हा कोणी अवाक्षर काढलं नाही. सुटल्यावर मात्र हे पापी ठरले. असला न्याय देवाच्या घरात चालतो, आणि देव बघत बसतो, याचा मला सर्वांत जास्त राग होता. प्रार्थनेत मी त्याला तसं सुनावलंही होतं.

त्या रविवारी शर्टाची बटणं लावता लावता हे म्हणाले, "आज जातो पुढे. लोकांच्या नजरा आता सहन होत नाहीत." मी हात जोडले, भांडले, ऐकलं नाहीत. तेव्हा मी मनाशी ठरवलं की प्याला ह्यांच्या ओठांशी आला की हाताने उडवून द्यायचा. सांडू दे वाइन, डागाळू दे वेदीचं पांढरं कापड. मंडळीतून काढलं तरी बेहत्तर.

त्या दिवशी एका बाळाचा बाप्तिस्मा होता, आणि त्या बाळाचे आजोबा मनमाडहून आले होते. कठड्यापाशी ह्यांच्या एका बाजूला मी होते, दुसऱ्या बाजूला ते. आम्हाला ते पूर्ण अनोळखी. भाकर दिली गेली. मग पाळकसाहेब प्याला घेऊन आजोबांकडून आमच्याकडे येऊ लागले. मी माझा हात तयार ठेवला होता. प्याला आजोबांसमोर आला तसा त्यांनी एकदम ह्यांचा हात घट्ट धरला आणि म्हणाले, "पाळकसाहेब, आम्हाला भाकरीच पुरे."

पाळकसाहेब थांबले. त्यांनी दोघांचे धरलेले हात बघितले आणि प्याला माझ्यापुढे आणला. मी म्हणाले, "मलाही."

उपासना सुटल्यावर बाहेर चहा चालू होता. देवानेच ह्या माणसाला आमचं दुःख कळवलं, अशा भावनेने मी त्यांचे आभार मानायला गेले. ते कावरेबावरे झाले. "कशाचे उपकार, बाई? आमच्याकडं प्याल्यात मनुकांचं पाणी राहतं. हितं प्याला जवळ आला अन् वास आला, मी पार घाबरलो. लय वर्षं झाली सोडून, पण वास काय विसरत नाय. एकट्यानं नको म्हणायची हिंमत होईना, म्हणून शेजारी जो होता त्याचा हात धरला. तुमच्या मालकांनीच वाचवलं मला." हे मागे उभे राहून ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

मी देवाकडे कोणीतरी खंबीर माणूस मागत होते, नाहीतर माझा स्वतःचा हात तर होताच. त्याने पाठवला एक घाबरलेला म्हातारा, ज्याला स्वतःलाच आधार हवा होता. वाइन अजून येते, आणि कमिटीपुढे मी पुन्हा बोलणार आहे, चांगली कडक बोलणार आहे. पण ह्यांना सांभाळणारी मी एकटीच, हा हट्ट मात्र मी त्या कठड्यापाशी सोडला. माझ्या हातात नव्हतं तेही त्याच्या हातात होतं, त्याबद्दल त्याचे आभार मानते.

घरी येऊन जेवायला बसलो. इतकी वर्षं प्रत्येक प्रार्थनासभेत लोक ह्यांच्यासाठी मागायचे आणि हे खाली बघून ऐकायचे. त्या दुपारी ताटापुढे डोळे मिटून हेच बोलू लागले. आजोबांचं नाव विचारायचं राहूनच गेलं होतं. "प्रभू," हे म्हणाले, "मनमाडच्या बाबांना जप. आज गाडीने एकटेच परत जाणार आहेत."