शेवटच्या एसटीचं पुस्तक

परवा धाड गावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी मी पर्समध्ये एक तक्रारअर्ज घालूनच वाचनालयात गेले. अर्ज आमच्या शिपायाविरुद्ध, शालिग्रामकाकांविरुद्ध होता. संध्याकाळी संचालकांची मीटिंग होती, आणि अर्ज तिथे वाचला गेला असता तर काकांची नोकरी गेलीच असती.

माझा स्वभाव मुळात संशयी... दुधात पाणी किती हे मी दूधवाल्याच्या चेहऱ्यावरून ठरवते. त्यात लायब्ररी सायन्स शिकलेली! चार महिन्यांपूर्वी इथे ग्रंथपाल म्हणून आले, तेव्हा शेळीपालन, कादंबऱ्या आणि पोलीस भरती एकाच फळीवर सुखाने नांदत होते. महिनाभर धूळ खाऊन मी सगळं विषयवार लावलं, प्रत्येक पुस्तकाला नंबर चिकटवला आणि काकांना बजावलं, मला विचारल्याशिवाय कपाटाला हात लावायचा नाही.

तरी दर बाजाराला मी भाजी घेऊन परत येते तर दहा-बारा पुस्तकं दाराजवळच्या बाकावर ओळीने मांडलेली. बाळाच्या आहाराशेजारी मोटार दुरुस्ती! विचारलं तर काका म्हणायचे, ठेवली असतील कोणी. मागच्या बाजारी मी चिडून सगळी उचलली आणि नंबरप्रमाणे लावून टाकली. काका रिकामा बाक पुसायला लागले... मला तेच जास्त खटकलं.

मग या आठवड्यात कपाटातल्या पुस्तकांच्या ओळींत फटी दिसायला लागल्या. बाक रिकामा, रजिस्टरला नोंद नाही. मी स्वतः घरी न्यायचं म्हणून दोनदा चाळून ठेवलेलं पक्ष्यांचं पुस्तकही गायब. बाजाराच्या दिवशी रद्दीवाला वाचनालयाच्याच गल्लीतून जातो, हे लगेच आठवलं आणि मी अर्ज लिहून काढला.

तर परवा भाजीला गेलेच नाही. वर्तमानपत्रांच्या स्टँडमागे खुर्ची घेऊन बसले. तीनच्या सुमारास काकांनी बाकाखालून एक लोखंडी पेटी ओढली, उघडली... आत माझी पुस्तकं! मी फोटो काढायला मोबाईल वर केला.

तेवढ्यात दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली एक बाई दारात आली. तिने काही मागायच्या आत काकांनी पेटीतलं पहिलं पुस्तक तिला दिलं आणि रजिस्टर पुढे केलं. मी तरातरा पुढे गेले. ती माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "मागच्या बाजारी पुस्तक जाग्यावर नव्हतं, मॅडम. पोरीचा आठ दिवस भरतीचा अभ्यास खोळंबला."

ती जागा मीच मोडली होती.

काका खाली मान घालून सांगायला लागले. बाजारकरी लोकांना दहा मिनिटं मिळतात. कोणत्या गावची जीप आधी भरते, त्या क्रमाने ते पुस्तकं लावतात. कोणाचं काय वाचून झालं, पुढचं काय हवं, सगळं तोंडपाठ. मी बाकावरची मांडणी मोडली म्हणून पेटी आली होती. "तुमचे नंबर बराबर हायेत, मॅडम. पन नंबर शोधत बसलं त जीप थांबत नाई."

पाच वाजेपर्यंत पेटी रिकामी होत आली. तळाशी एकच पुस्तक उरलं... पक्ष्यांचं. मी बुलढाण्याहून ये-जा करते, साडेपाचची शेवटची एसटी पकडते. काकांनी ते माझ्यापुढे धरलं. "हे शेवटच्या एसटीचं," म्हणाले. "तुमचं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अर्ज दिला नाही. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांच्याकडून जीपवार यादी लिहून घेतली. कपाटात माझे नंबर आहेत तसेच राहतील, पण बाजाराच्या दिवशी बाक काकांचा.

चार महिने मी त्यांच्यावर पाळत ठेवून होते... आणि ते माझ्यावर, मला काय वाचायचंय ते कळावं आणि एसटी चुकू नये म्हणून.